ब्लॉसफेल्डिया लिलिपुटाना: सुकलेल्या गोळ्यांना पाणी द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कलमावर वाढलेल्या ब्लॉसफेल्डिया लिलिपुटाना या बटणाएवढ्या निवडुंगाचा लिंबाएवढा, अनेक गोळ्यांचा गड्डा होता. दीड वर्षापूर्वी त्यातले सहा गोळे सुटे करून स्वतःच्या मुळांवर लावले. त्यांपैकी तीन गोळे महिनाभरातच कुजले. उरलेले तीन रुजले, थोडे वाढलेही, पण हिवाळ्यात पाणी बंद केल्यावर सुरकुतून चपटे झाले आणि आता खडीच्या पातळीला जाऊन बसले आहेत. ते मेले का? भरपूर पाणी दिलं तर वाचतील का? की पुन्हा कलम करावं? आणि बियांपासून हे रोप घरी करता येतं का?

आधी सरळ उत्तर देतो. ते तीन गोळे बहुधा जिवंत आहेत. पाणी द्या, पण भरपूर नको आणि वरून तर मुळीच नको. कलम आत्ता करू नका. बियांपासून घरी नक्की जमतं, वेळ मात्र भरपूर लागतो. बाकीचं सगळं लिहितोय ते यामागची कारणं सांगण्यासाठी. हे रोप कोरडेपणाने क्वचित मरतं. ते सुकलेलं पाहून आपण घाबरतो आणि जी मदत करतो, तिने मरतं.

पहिलं काम म्हणजे जिवंत की मेलेलं हे ओळखणं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, साध्या डोळ्यांनी हे दिसत नाही. या निवडुंगाला काटे नसतात, पण काटे जिथून यायला हवेत त्या जागा, म्हणजे एरिओल, असतात. त्या मळसूत्रासारख्या फिरत शेंड्यापर्यंत जातात आणि प्रत्येकीवर पांढुरक्या लवेचा एक बारीक झुबका असतो. सुकलेल्या पण जिवंत गोळ्यात हे झुबके एकमेकांच्या अगदी जवळ आलेले दिसतात, कारण मधली कातडी आक्रसलेली असते. शेंडा आत खेचला जाऊन वाटीसारखा खोलगट होतो. रंग राखाडी, तपकिरी किंवा जांभळट झालेला असतो, तरी कातडी सलग असते. सुईच्या बोथट टोकाने हळूच दाबलं तर चामड्यासारखी चिवट लागते आणि गोळा जागचा हलत नाही. मेलेला गोळा कागदाच्या टरफलासारखा असतो, दाबला की चिरडतो आणि सुईने ढकलला तर मुळापासून सुटतो. कुजलेला तिसराच: बुडाशी मधाच्या रंगाचा, ओलसर, किंचित पारदर्शक. तुमचे तिन्ही गोळे घट्ट बसलेले असतील, तर काळजीचं कारण नाही.

आता हे रोप असं का वागतं ते पाहू. हॅरी ब्लॉसफेल्ड आणि ओरेस्ते मार्सोनर यांना ते १९३६ मध्ये उत्तर अर्जेंटिनात सापडलं आणि १९३७ मध्ये एरिच वेर्डरमान यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. प्रजातीचं नाव ब्लॉसफेल्डवरून आणि जातीचं बुटक्यांच्या काल्पनिक लिलिपुट देशावरून. नाव शोभतं, कारण निवडुंगाच्या कुळातली ही सर्वांत लहान जात. पूर्ण वाढलेला गोळा साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा, आणि बहुतेक वेळा तितकाच चपटा. पुढे एफ. रिटर आणि इतरांनी वेगवेगळ्या खोऱ्यांतली रोपं पाहून मिनिमा, पेडिसेलाटा, अॅट्रोव्हिरिडिस, फेक्सेरी, कॅम्पॅनिफ्लोरा अशी बरीच नावं दिली. आज ही सगळी एकाच जातीची रूपं धरली जातात. बियांच्या पाकिटावर ही जुनी नावं अजून दिसतात. लागवडीत त्याने काही फरक पडत नाही, पण रोप कुठल्या भागातून आलं याचा तो धागा असतो, म्हणून पाटीवरचं नाव पुसू नका.

त्याचं घर म्हणजे अँडीज पर्वताचा पूर्वेकडचा उतार. बोलिव्हियाच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनाच्या हुहुय, साल्ता, तुकुमान, कातामार्का प्रांतांतून खाली मेंदोसापर्यंत ते आढळतं. उंची सुमारे १,००० मीटरपासून ३,००० मीटरच्याही पुढे. एवढ्या लांब पट्ट्यात पसरलेलं असूनही ते अगदी ठराविक जागीच भेटतं: जवळजवळ उभ्या कड्यांच्या चिरांमध्ये, बऱ्याचदा नदीच्या किंवा धबधब्याच्या आसपास. चिरेत जमलेली चिमूटभर माती हीच त्याची सगळी जमीन. शेजारी शेवाळ, दगडफूल आणि सुकून गुंडाळी होणारे छोटे नेचे. पाऊस उन्हाळ्यात येतो, हिवाळा कोरडा जातो. पाणी कड्यावरून वाहत येतं, चीर भिजते आणि दोन दिवसांत पुन्हा वाळते. पाणी साचायला जागाच नसते.

हे चित्र मनात पक्कं बसवा. निवडुंग म्हटलं की आपल्यासमोर वाळवंट येतं आणि वाळवंटातला निवडुंग पाणी साठवून जगतो. जाड मेणकट कातडी, तिच्याखाली टणक पेशींचा आणखी एक थर, पाणी भरलं की फुगणाऱ्या आणि संपलं की मिटणाऱ्या कडा, सावली देणारे काटे, ही सगळी पाणी कोंडून धरण्याची तयारी. ब्लॉसफेल्डियाकडे यातलं जवळजवळ काहीच नाही. कडा नाहीत, काटे नाहीत, जाड मेणकट कातडी नाही, खालचा टणक थर नाही. विल्हेल्म बार्थलॉट आणि श्टेफान पोरेम्बस्की यांनी १९९६ मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास मांडला आणि त्यात दोन गोष्टी पुढे आल्या. एक, या रोपाला श्वसनाची रंध्रं जवळजवळ नाहीतच. जी थोडी आहेत ती एरिओलच्या खोलगट भागात दडलेली. दोन, ते पाणी धरून ठेवण्याच्या फंदात न पडता सुकू देतं, महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं आणि ओल मिळाली की पुन्हा भरतं. शेवाळ आणि काही नेचे हेच करतात. निवडुंगात ही रीत फार विरळ आहे.

याचा थेट अर्थ असा की तुमचे चपटे झालेले गोळे आजारी नाहीत. आक्रसून दगडाच्या पातळीला जाणं ही त्यांची हिवाळ्यातली नेहमीची अवस्था आहे. उभ्या कड्यावर तेच त्यांना वाचवतं. चिरेत मागे सरकलं की उन्हाचा आणि वाऱ्याचा मारा कमी होतो.

वंशावळीचं एक वाक्य इथेच सांगतो, कारण मला ते फार आवडतं. बिया आणि फुलं पाहून हे रोप बराच काळ पॅरोडिया आणि फ्रेलिया या निवडुंगांच्या जवळचं मानलं जाई. २००२ मध्ये रेटो निफेलर यांनी हरितलवकातल्या डीएनएची तुलना केली, तेव्हा ते बहुसंख्य निवडुंग ज्या उपकुळात येतात, त्या कॅक्टॉइडी उपकुळातल्या बाकी सगळ्यांच्या आधीच वेगळी झालेली फांदी म्हणून दिसलं. २००४ मध्ये तर त्याच्या एकट्यासाठी स्वतंत्र उपकुळही सुचवलं गेलं. बटणाएवढं रोप, पण त्याचा कुणी जवळचा नातेवाईक नाही. म्हणून इतर छोट्या निवडुंगांचे नियम याला लावताना मी दोनदा विचार करतो.

आता पाणी. मुळं महिनोन्‌महिने कोरडी राहिली की त्यांचे बारीक केसासारखे तंतू मरतात. अशा वेळी कुंडी चिंब केली तर ते पाणी शोषायला कुणीच नसतं. माती ओली राहते, बुरशीला आठवडाभर मोकळं रान मिळतं आणि कूज बुडातून सुरू होते. म्हणून पहिली ओल हलकी हवी. कुंडी उथळ पाण्यात ठेवा, पाणी तिच्या खालच्या तृतीयांशापर्यंत चढू द्या आणि पाच-सात मिनिटांत बाहेर काढा. वरची खडी कोरडीच राहिली पाहिजे. चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्या वेळेला पाणी वरपर्यंत चढू द्यायला हरकत नाही. दिवस उबदार आणि रात्री १० अंशांच्या वर असतील तेव्हाच हे करा.

मग वाट पाहायची. इथेच बहुतेक जण चुकतात. गेल्या हिवाळ्यानंतरची माझी नोंद देतो, म्हणजे अंदाज येईल. अकरा गोळ्यांची एक कुंडी होती, सगळे दगडाच्या पातळीच्याही खाली. पहिल्या भिजवणीनंतर चार दिवस काहीही दिसलं नाही. पाचव्या दिवशी भिंगाखाली कातडीवरचा धुरकट रंग जाऊन किंचित चमक आली. नवव्या दिवशी कडेचा भाग भरला, शेंडा अजून खोलगटच. तिसऱ्या आठवड्यात लवेचे झुबके एकमेकांपासून दूर सरकले आणि मधे हिरवी कातडी दिसू लागली. अकरापैकी नऊ पूर्ण भरले. दहावा सहा आठवड्यांनी जागा झाला, तोही एका बाजूनेच. अकरावा गेला. त्या दहाव्या गोळ्यासाठी जर मी दुसऱ्या आठवड्यात घाबरून पाणी वाढवलं असतं, तर कुंडीच गेली असती. असं मी पूर्वी केलेलं आहे, म्हणून सांगतोय.

वाढीच्या काळात, म्हणजे वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत, खालून पाणी द्यायचं आणि माती पूर्ण वाळल्यावर आणखी दोन-चार दिवस थांबायचं. एवढ्या छोट्या कुंडीत हे चक्र साधारण आठ ते बारा दिवसांचं होतं. अतिशय कडक उष्म्यात रोप स्वतःच थांबतं, तेव्हा पाणी कमी करा. शरद ऋतूत अंतर वाढवत नेऊन हिवाळ्यात पूर्ण बंद. कोरड्या अवस्थेत ते शून्याच्या आसपासची थंडीही सोसतं. ओलं असताना ५ अंशसुद्धा धोक्याचे.

पाण्याची जात फार महत्त्वाची. जड, चुनखडीचं पाणी वापरलं तर खडीवर आणि गोळ्यांच्या बुडाशी पांढरी खरपूड धरते. मातीचा सामू (pH) वर चढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि रोप पिवळट पडतं. मोठ्या निवडुंगात हे दिसायला वर्षं लागतात, बटणाएवढ्या रोपात एका हंगामात दिसतं. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम. ते नसेल तर रिव्हर्स ऑस्मोसिसचं शुद्ध पाणी, किंवा साध्या पाण्यात अगदी थोडं सायट्रिक अॅसिड घालून सामू सहाच्या जवळ आणलेलं.

मातीचा प्रश्न सोपा आहे. माझं मिश्रण जवळजवळ सगळं दगडी असतं: प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), बारीक ग्रॅनाइट किंवा पाटीच्या दगडाचा चुरा, कण एक ते तीन मिलिमीटर, आणि त्यात दहावा हिस्सा चाळलेली जुनी पानमाती. धूळ धुऊन काढायची. धूळ राहिली तर ती तळाशी बसून चिखल होतो. चुनखडीचा दगड टाळा.

पण खरी मजा चिरेची कुंडी करण्यात आहे आणि स्वतःच्या मुळांवरच्या रोपांसाठी मी तिचाच आग्रह धरेन. पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे घ्यायचे, कुंडीत उभे लावायचे, दोन तुकड्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवायची. फटीत खालून वर मिश्रण भरत आणायचं, सुईने दाबत दाबत, आणि गोळा असा बसवायचा की त्याचं बूड फटीत आणि शेंडा दगडाच्या कडेबरोबर. दगड थोडे तिरके ठेवले तर शेंड्यावर पाणी थांबत नाही. याचे दोन फायदे होतात. गोळ्याच्या गळ्याला ओली माती चिकटून राहत नाही. आणि मुळं दगडाच्या पृष्ठभागालगत पसरतात, जिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. सपाट खडीत लावलेला गोळा आणि चिरेतला गोळा शेजारी ठेवून दोन हंगाम पाहिले, तर चिरेतला हळू वाढतो पण घट्ट, चपटा आणि गडद राहतो. मला तोच खरा ब्लॉसफेल्डिया वाटतो.

प्रकाश भरपूर हवा, पण गाळलेला. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं थेट ऊन नको. तिशी-चाळिशी टक्के सावलीच्या जाळीखाली ते छान राहतं. कमी प्रकाशात गोळा उंच आणि फिका होतो, आणि असा फुगलेला गोळा पुढच्या कोरड्या काळात नीट आक्रसत नाही, सरळ मरतो.

आता तुमचे तीन गोळे का कुजले. दोष तुमच्या हाताचा नाही, कलमाच्या स्वभावाचा आहे. पेरेस्किऑप्सिस या पानं असलेल्या निवडुंगासारख्या जोमदार खुंटावर, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळं असलेल्या रोपावर, ब्लॉसफेल्डिया अक्षरशः ओतल्यासारखा वाढतो. खुंट चोवीस तास पाणी आणि अन्न वर ढकलत असतो. गोळे तीन सेंटिमीटरपर्यंत फुगतात, बाजूने पिल्लांवर पिल्लं येतात आणि वर्ष-दोन वर्षांत गड्डा तयार होतो. दिसायला सुंदर, पण त्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या आणि कातडी ताणून पातळ झालेली. असा गोळा कापून दगडी मातीत ठेवला की कापलेली जखम मोठी, पाणी जास्त आणि मुळं शून्य. कुजण्यासाठी आणखी काही लागत नाही.

म्हणून गोळे सुटे करण्यापूर्वी खुंटाचंच पाणी तोडायचं. पाच-सहा आठवडे. खुंटाची पानं गळतील, गड्डा थोडा सुरकुतेल, तेच हवं आहे. मग सर्वांत मोठे गोळे न निवडता आठ-दहा मिलिमीटरचे, बारीक मानेवर उभे असलेले निवडायचे. मान जितकी बारीक तितकी जखम लहान. निर्जंतुक केलेल्या ब्लेडने एका झटक्यात कापायचं आणि सावलीत, हवेशीर जागी कागदावर दोन आठवडे पडू द्यायचं. त्यानंतर कोरड्या प्युमिसवर नुसतं टेकवायचं, पुरायचं नाही. आणखी एक आठवडा कोरडं, मग खालून अगदी थोडी ओल. मुळं यायला एक ते तीन महिने लागतात. या काळात गोळा उचलून पाहण्याचा मोह आवरा, कारण येणारं पहिलं मूळ केसाहून बारीक असतं आणि प्रत्येक वेळी तुटतं.

कलम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. एखादं रोप मरणाच्या दारात असेल, शेंडा जिवंत आणि बूड कुजलेलं असेल, तर कलम हाच एक उपाय. बियांचा पुरवठा करण्यासाठीही एक तरी कलमी गड्डा ठेवावा. पण तुमचे तीन गोळे स्वतःच्या मुळांवर दीड वर्ष जगलेले आहेत, कोरडा हिवाळा सोसलेले आहेत. अशा रोपाला पुन्हा खुंटावर चढवून फुगवणं मला पटत नाही. शिवाय आत्ता ते सुकलेले आहेत. सुकलेल्या ऊतीचं कलम धरत नाही, दोन्ही कापलेल्या पृष्ठभागांत रस हवा.

बियांकडे वळतो. हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. फूल शेंड्याजवळच्या लवेतून येतं, पांढरं, कधी मध्यशिरेवर गुलाबी छटेचं, सेंटिमीटरभर. गोळ्याच्या मानाने ते मोठंच दिसतं, बटणावर दुसरं बटण ठेवल्यासारखं. हे रोप स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे एकटा गोळाही बिया देतो. फळ वाटाण्याहून लहान, पिकल्यावर वाळून फुटतं. आतल्या बिया तपकिरी, मिलिमीटरहून बऱ्याच लहान. भिंगाखाली त्यांच्यावर बारीक केसासारखे उंचवटे दिसतात आणि एका टोकाला पांढुरका मऊ गोळा. हा गोळा मुंग्यांसाठी असतो. मुंग्या तो खाण्यासाठी बी ओढून नेतात आणि वाटेत एखाद्या चिरेत टाकतात. कुंडीपाशीही त्या हेच करतात. एकदा फुटलेलं फळ संध्याकाळी दिसलं, म्हटलं सकाळी गोळा करू. सकाळी लवेत एक बी शिल्लक नव्हती. तेव्हापासून फळं दिसू लागली की कुंडी पाण्याने भरलेल्या बशीतल्या वाटीवर उभी करतो.

पेरणी बंद पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात करायची. मिश्रणातली पानमाती पूर्ण वगळा. वरचा अर्धा सेंटिमीटर थर एक मिलिमीटरहून बारीक चाळलेला हवा, नाहीतर बिया फटींतून खाली जातात आणि अंधारात रुजून मरतात. मिश्रण ओलं करून प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास वाफवा आणि थंड होऊ द्या. पाणी उकळून गार केलेलं. बिया कोरड्या बारीक वाळूत मिसळून, दुमडलेल्या कागदाच्या घडीतून टिचकी मारत पसरायच्या. वर माती टाकायची नाही, त्यांना उजेड हवा. पिशवी बंद, तापमान २० ते २८ अंश, प्रकाश सौम्य. एक ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. ठिपके हाच शब्द योग्य आहे, कारण रुजलेलं रोप टाचणीच्या टोकाहूनही लहान असतं. पहिल्यांदा पेरणाऱ्यांना ते शेवाळ वाटतं आणि ते सगळी कुंडी फेकून देतात. भिंगातून पाहिलं की शेवाळाचे धागे किंवा पसरट थर दिसतो, रोप गोल आणि चकचकीत असतं.

शेवाळ हाच खरा शत्रू. निळं-हिरवं शेवाळ एकदा धरलं की तो थर रोपांवरून पांघरुणासारखा जातो आणि ती गुदमरतात. माझं पहिलं ताट असंच गेलं. मी कोकोपीट नीट न वाफवता घातलं होतं, खतही टाकलं होतं. सहा महिन्यांत वरचा थर निळसर चिकट झाला. तीनशेच्या आसपास रोपं मोजली होती, वाचली नऊ. तेव्हापासून सेंद्रिय पदार्थ शून्य, खत शून्य आणि प्रकाश जेमतेम. रोपांची वाढ त्याने आणखी मंदावते, पण शेवाळाची त्याहून जास्त मंदावते. सुरुवात दिसली तर तेवढा भाग चमच्याने खोल उचलून टाका, फवारण्यांच्या नादी लागू नका.

पहिल्या वर्षाच्या शेवटी रोप जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं होतं. पिशवी तोवर उघडू नका. मग महिनाभर घेत घेत, आधी एक छिद्र, मग दोन, मग कोपरा उघडा, असं हवेची सवय लावायची. पिशवीतून काढल्या काढल्या कोरड्या हवेत ठेवलेली रोपं दोन दिवसांत संपतात. सुकून पुन्हा भरण्याची ताकद मोठ्या रोपाची आहे, या टिंबांची नाही. तीन-चार मिलिमीटरची होईपर्यंत पुनर्लागवड नको. त्यांना गर्दीत राहायला आवडतं, एकमेकांच्या आधाराने ती बरी टिकतात. फूल पाहायला स्वतःच्या मुळांवर चार-पाच वर्षं धरून चाला. घाई असेल तर दहा-बारा रोपं पेरेस्किऑप्सिसवर चढवा आणि बाकीची तशीच ठेवा. हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो, दोन्ही गोष्टी मिळतात.

किडींबद्दल दोन शब्द. पिठ्या ढेकूण मुळांवर बसला तर वरून काहीच दिसत नाही, फक्त गोळा पाण्यानंतरही भरत नाही. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी पूड दिसली तर सगळी माती फेका. बंद पेटीत सायरिड नावाच्या बारीक काळ्या माश्या शिरल्या तर त्यांच्या अळ्या लहान रोपं पोखरतात. सेंद्रिय माती नसेल तर त्या सहसा येत नाहीत. लाल कोळी कमी वेळा येतो, पण आला तर शेंड्यावर गंजल्यासारखा डाग पाडून जातो आणि तो डाग कायमचा राहतो.

विकत घेताना एवढं पाहा. बूड जुनं, लाकडासारखं कडक, गोळ्यांचे आकार एकमेकांत दाबले गेलेले, चिरेचा आकार घेतलेलं मूळ, आणि विकणाऱ्याकडे बियांचा किंवा कलमाचा काहीच इतिहास नाही, असं रोप कड्यावरून खरवडून आणलेलं असण्याची शक्यता असते. ते घेऊ नका. निवडुंगाचं जवळजवळ सगळं कुळ साइट्स (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्टांत आहे आणि ब्लॉसफेल्डिया परिशिष्ट २ मध्ये, त्यामुळे रोपं देशाबाहेर नेण्या-आणण्याला परवाना लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या चिरेत बटणाएवढा गोळा व्हायला किती उन्हाळे लागले असतील हे बिया पेरून पाहिल्यावर कळतं. अशी आणलेली रोपं कुंडीत फारशी टिकतही नाहीत, कारण खरवडताना मूळ चिरेतच राहून जातं.

तर तुमच्या तीन गोळ्यांचं आता असं करा. सुईने हलवून पाहा. घट्ट असतील तर मातीला हात लावू नका, कुंडी बदलू नका. रात्री १० अंशांच्या वर गेल्या की पहिली हलकी भिजवण, चार-पाच दिवसांनी दुसरी, मग तिसरी. दर आठवड्याला त्याच कोनातून, त्याच प्रकाशात एक फोटो काढा, कारण हा बदल डोळ्यांना रोज कळत नाही, फोटोंत कळतो. आठ आठवडे झाले आणि एखाद्याच्या लवेचे झुबके तसेच चिकटलेले राहिले, तर भिंगाने बुडाचा रंग बघा. मधाचा रंग दिसला तर तो लगेच काढा, म्हणजे शेजारचे वाचतील. रंग राखाडी असेल तर त्याला आहे तिथेच राहू द्या आणि बाकीच्यांबरोबर पाणी देत राहा.